रोहिणीत दिलेला शब्द

रोहिणी नक्षत्र लागलं की बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या खिडक्यांवर तांबूस धूळ बसायला लागते. माझी पत्नी सुनंदा ती दिवसातून दोनदा पुसते आणि यंदा धूळ जास्तच आहे असं दोन्ही वेळा म्हणते. शहराच्या कडेला शेतं आता थोडीच उरलीत. जी आहेत तिथं या दिवसांत धूळवाफेची पेरणी चालते. उन्हानं भाजून निघालेल्या, पिठासारख्या मातीत भात पेरायचं, वरून माती सारखी करायची आणि आभाळाकडं बघत बसायचं. पाऊस लवकर आला तर बी कुजतं, उशिरा आला तर पाखरं आणि मुंग्या नेतात. मी निपाणीकडचा. आमच्या रानात तंबाखू, ज्वारी आणि शेंगा. कोरड्या धुळीत भात टाकायचं धाडस मला पहिल्यांदा समजावलं ते एका सुभेदारानं, आणि तेही जिथं गवताचं पातं उगवत नाही अशा एका डोंगरावर.

मी सैन्यातून लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झालो. त्याला बरीच वर्षं झाली. आठवणी लिहा म्हणून दोघातिघांनी मागं लागून लागून शेवटी मला लिहायला बसवलं. बालपण भराभर लिहून झालं. प्रशिक्षण, पहिली पलटण, बर्फातल्या आणि वाळवंटातल्या नेमणुका, सगळं हाताला सहज येत गेलं. लढाईचं प्रकरण मी गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी लिहायला घेतलं. ते तर मला तोंडपाठ होतं. किती व्याख्यानांत सांगितलेलं, किती शाळांत टाळ्या घेतलेलं. चार दिवसांत लिहून मी कागद सुनंदाच्या हातात दिले.

तिनं दुपारी ते वाचले. चष्मा काढला आणि एका ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं. मी लिहिलं होतं, ‘कट्ट्यावरच्या जवानांशी आमचा वायरलेसवर संपर्क होत होता.’

“काय बोलणं व्हायचं, ते कुठं आहे?” तिनं विचारलं.

मी म्हणालो की त्यात सांगण्यासारखं विशेष नव्हतं. कागद नीट जुळवून तिनं माझ्या टेबलावर ठेवले आणि खिडकी पुसायला गेली. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात ती माझ्याशी कधी वाद घालत नाही. ती फक्त प्रश्न विचारते आणि तो तिथंच ठेवून जाते.

लढाईच्या त्या वर्षीही रोहिणी नक्षत्रच होतं. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली त्याला. उत्तरेच्या सीमेवर शत्रू डोंगरमाथ्यांवर येऊन बसला होता आणि मी ब्रिगेडियर म्हणून खालच्या दरीत होतो. आमच्यासमोर एक लांबट कडा होता. तो घ्यायचा होता. कड्याच्या पोटात, माथ्यापासून थोडं खाली, दगडाचा एक सपाट पट्टा पुढं आलेला होता. तिथं आमचे नऊ जवान एका पहाटे चढून पोहोचले होते. तिथून शत्रूची रसद येणारी वाट दिसत होती, म्हणून तो पट्टा लाखमोलाचा. त्या नऊ जणांचा प्रमुख सुभेदार यल्लाप्पा, खानापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं पहिल्याच संदेशात त्या जागेला ‘कट्टा’ म्हटलं. गावात पिंपळाखाली असतो तसा कट्टा. मग आमच्या नकाशांवरही तेच नाव पडलं.

यल्लाप्पाच्या पलटणीचं ठाणं डोंगराच्या दुसऱ्या कुशीला होतं. तिथपर्यंत त्याचा आवाज पोहोचायचा नाही. दरीतल्या माझ्या टेकाडावरच्या वायरलेस संचावर मात्र तो स्वच्छ यायचा. शत्रूही ऐकत असणार हे आम्हाला ठाऊक होतं. हिंदी त्याला कळत होती, पंजाबी तर कळतच होती. पहिल्या दिवशी मी संच हातात घेतला, तेव्हा पलीकडून येणारा यल्लाप्पाचा हेल ऐकून मला हसू आलं. मी त्याला आमच्या भागातल्या बोलीत विचारलं, गाव कुठलं रं तुझं? मग तोही मोकळा झाला. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं बेळगावी मराठीत, आणि आकडे कन्नडमध्ये. काडतुसांना आम्ही शेंगा म्हणायचो. जगातल्या कुठल्याही संकेततज्ज्ञाला ते उलगडलं नसतं. आमच्याकडं ज्या दोन भाषांवरून पाट्यांना काळं फासलं जातं, त्या दोन्ही तिथं एका वाक्यात नांदत होत्या आणि नऊ माणसांचा जीव सांभाळत होत्या.

एका सकाळी त्यानं विचारलं, साहेब, गावाकडं रोहिणी लागली असंल न्हवं? आणि वाऱ्याच्या घोंगाटात, गोळीबाराच्या मधल्या उसंतीत, त्यानं मला धूळवाफेची पेरणी समजावून सांगितली. बी टाकलं की माणसाच्या हातात काही राहत नाही, असं म्हणाला. मी ऐकत राहिलो. माझ्या शेजारी उभा असलेला तरुण मेजर घड्याळाकडं बघत होता.

योजना अशी होती की दुसऱ्या दिवशी पहाटे मोठा हल्ला चढवायचा आणि त्या हल्ल्याबरोबर कट्ट्यावर कुमक पोहोचवायची. पण त्या दुपारी मागच्या रस्त्यावरचा पूल खचला. माझ्या तोफा पुलापलीकडं अडकल्या. वरिष्ठ मुख्यालयातून निरोप आला, हल्ला ठरल्याप्रमाणेच झाला पाहिजे. तोफांच्या आधाराशिवाय त्या उघड्या उतारावर माणसं पाठवणं म्हणजे त्यांना मारणं होतं, हे मला दिसत होतं. मी नकार दिला. दोन दिवस मागितले. आवाज चढले, माझी नेमणूक काढून घेण्याची भाषा झाली. मी ऐकलं नाही. माझ्या कारकिर्दीतला हा निर्णय सगळ्यांना माहीत आहे. त्यासाठी मला वाखाणलं गेलं. दोन दिवसांनी तोफा आल्या, पहाटे हल्ला झाला आणि कडा आम्ही फार थोडी माणसं गमावून घेतला. प्रकरणात मी हे सगळं लिहिलं होतं. ते सगळं खरं आहे.

लिहिलं नव्हतं ते एवढंच. हल्ला पुढं ढकलल्यावर तासाभरात, ऊन कलताना, यल्लाप्पाचा आवाज आला. त्याच्याकडचा एक जण गेला होता. परशराम नावाच्या शिपायाच्या मांडीत गोळी घुसली होती. पाणी संपत आलं होतं.

“साहेब, कुमक कवा?”

मी संचाचं बटण दाबलं. माझ्यापुढं दोन उत्तरं होती. हल्ला दोन दिवस पुढं गेलाय हे खरं सांगितलं, तर तो जखमीला घेऊन खाली उतरायचा प्रयत्न करील, आणि कट्टा जाईल. कट्टा गेला की ती वाट दिसायची बंद. मग दोन दिवसांनी चढणाऱ्या पलटणीवर वरून काय कोसळेल ते देव जाणे. हे सगळं माझ्या डोक्यात इतक्या नीटसपणे त्या क्षणी आलं का, की मागाहून मी ते रचलं, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही.

“निघालीया,” मी म्हणालो. “उद्या सांजच्यापातूर पोचतीया. दम धर.”

“व्हय साहेब,” तो म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण सैल झालेला मला ऐकू आला. हुकूम मी आयुष्यभर इंग्रजीत दिले. कागदोपत्री काय काय रंगवून सांगितलं ते हिंदीत आणि इंग्रजीत. पण हे खोटं मी ज्या बोलीत आईशी बोलायचो त्या बोलीत बोललो, आणि म्हणूनच त्याला ते खरं वाटलं.

पुढचा अख्खा दिवस मी संचापासून लांब राहिलो. कामं होती. पुलाचं काम, तोफांचे आकडे, मुख्यालयाचे टोचरे निरोप. मेजर येऊन सांगायचा, कट्टा विचारतोय. मी म्हणायचो, वाटेत आहे म्हणून सांग. तो बिचारा मराठी न येणारा मुलगा. ‘वाटेत आहे’ एवढे दोन शब्द त्यानं माझ्याकडून पाठ करून घेतले आणि दिवसभर वर पोहोचवत राहिला.

कट्टा शेवटपर्यंत पडला नाही. नवांतले सहा जण जिवंत खाली आले. परशराम त्यांच्यात नव्हता. यल्लाप्पाच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीनं गेली. इस्पितळात मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा त्यानंच माझी समजूत घातली. वाट वाईट हुती साहेब, कुमक तरी काय करंल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीही बोललो नाही. ते दुसरं खोटं.

त्याच वर्षी भाद्रपदात रजेवर गावी आलो. आमचं घर जैनांचं. पिढ्यानपिढ्या शेती करणारं, पण नांगरताना गांडूळ चिरलं तरी मनातल्या मनात क्षमा मागणारं. मी सैन्यात गेलो तेव्हा आईनं अडवलं नव्हतं. लढाईनंतर मात्र पर्युषणाच्या दिवसांत, उन्हं उतरण्याआधी जेवून घेताना, तिनं मला एकच गोष्ट विचारली. तुझ्या हातनं कोण मेलं काय रं? मी म्हणालो, नाही आई, आता माझ्या हुद्द्यावरच्या माणसाला बंदूक धरावी लागत नाही. तिनं ताटातली भाकरी मोडली.

“आणि तुझ्या हाताखालच्या हातांनी?” तिनं विचारलं.

मी पाणी प्यालो. ती उत्तरासाठी थांबली नाही. पर्व संपलं की आमच्यात सगळे एकमेकांना क्षमा मागतात. मोठे लहानांना हात जोडतात, वैऱ्याच्याही दारात जातात. मी दरवर्षी मागत आलो. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, गड्यांची. खानापूरच्या रस्त्याला त्या दिवसांत मी कधी गाडी वळवली नाही.

सुनंदा कागद ठेवून गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी यल्लाप्पाच्या शेतावर गेलो. त्याच्या बांधावर फणसाचं झाड आहे. उकललेल्या पिकल्या गऱ्यांचा वास लांबपर्यंत येत होता. त्याची पेरणी चालली होती. मला बघून तो धावत आला, मुलाला हाक मारून बैल थांबवायला सांगितलं, घोंगडं अंथरलं. सत्तरीला आलेला माणूस, पण माझ्यासमोर अजून ताठ उभा राहतो. मी त्याला बसायला लावलं. म्हटलं, पुस्तक लिहितोय, त्यात एक गोष्ट घालायची आहे, ती आधी तुला सांगायला आलोय. आणि सगळं सांगितलं. पूल, तोफा, पुढं ढकललेला हल्ला, आणि त्या सांजवेळी संचावर मी काय म्हणालो ते. कुमक निघाली नव्हती. निघणार नव्हती. तुला माझा आवाज ऐकू आला तेव्हा ती माणसं माझ्या डोळ्यांपुढं चूल पेटवून बसली होती.

त्याच्या मुठीत भाताचं बी होतं. तो ते बोटांमधून सोडत राहिला, घोंगड्यावर, मातीत. मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या साहेब, लढाईत असं चालायचंच. खरं सांगायचं तर ते ऐकायलाच मी आलो होतो.

तो म्हणाला, “दुसऱ्या दिवशी धुकं आलतं साहेब. दरीतनं वर चढलं, हाताला हात दिसंना. तवा उतरता आलं असतं. परशाला चौघांनी उचललं असतं. मी त्याला इच्यारलं, जायाचं का रं खाली? तर तो म्हणाला, कुमक येतीया न्हवं, थांबूया. आपण खाली गेलो आन ती वर आली, तर चुकामूक व्हईल.”

चुकामूक. बाजारात, जत्रेत होते ती.

त्यानं हात झटकले. मग माझ्याकडं न बघता सांगितलं की आजवर तो परशरामच्या घरी दरवर्षी जात आलाय, आणि कुमक वाटेत अडकली म्हणून उशीर झाला असंच त्यांना सांगत आलाय. त्याच्या तोंडून माझं खोटं त्या घरात इतकी वर्षं राहिलं होतं. लिव्हा, तो म्हणाला. पण आधी तिथं जाऊन सांगा, आणि तुमचं तुम्ही सांगा, मी संगं येणार न्हाय. एवढं बोलून तो उठला आणि बैलांकडं गेला. मी गाडीपर्यंत एकटा चालत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला सलाम केला नाही.

परशरामची पत्नी लक्ष्मी काकतीच्या पुढच्या एका खेड्यात राहते. एका हायस्कुलात शिपाई म्हणून नोकरीला लागली होती, आता निवृत्तीला आली आहे. मुलगी लग्न होऊन धारवाडला. दर वर्षी विजयाच्या दिवशी लष्कराच्या कॅम्पात कार्यक्रम होतो. पहिल्या रांगेत वीरपत्नी म्हणून तिला बसवतात, आणि कितीतरी वर्षं तिच्या खांद्यावर शाल घालायचा मान मला दिला जातो. ती खाली मान घालून हात जोडते. आमच्यात याहून जास्त बोलणं कधी झालेलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा ती शाळेतून नुकतीच आली होती. खुर्ची पुसून दिली, गॅसवर चहा ठेवला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगायला लागलो आणि भाषणाच्या सवयीनं शब्द फार नीट येऊ लागले, म्हणून मध्येच थांबलो. मग तुटक तुटक सांगितलं. धुक्याचंही सांगितलं, आणि परशराम काय म्हणाला तेही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. चहा उकळून भांड्याच्या काठापर्यंत आला. तिनं हात लांब करून गॅस बंद केला.

“तवा ते शुद्धीवर हुते?”

“होते.”

“आणि तुमचा शब्द त्यास्नी खरा वाटला.”

“वाटला.”

“मग शेवटपातूर वाट बघितली म्हणायची,” ती म्हणाली. हे तिनं मला विचारलं नव्हतं. ती ते स्वतःला सांगत होती.

मग तिनं विचारलं, हे पुस्तकात लिहिणार काय. मी म्हणालो, तुम्ही नको म्हणालात तर लिहिणार नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

“माझ्यावर का टाकताय? साहेब तुम्ही. ठरवायचं काम तुमचं. तवा बी तुम्हीच ठरवलंसा.”

शत्रूच्या तोफखान्यासमोर मी इतका उघडा कधी पडलो नव्हतो.

“लिव्हा,” ती मग हळू आवाजात म्हणाली. “पण आता कार्यक्रमाला शाल द्यायला तुम्ही येऊ नका. दुसऱ्या कुणालाबी धाडा. तुमच्याफुडं हात जोडायला मला जमायचं न्हाय.”

चहा तिनं ओतला नाही, मीही थांबलो नाही. दारापर्यंत मात्र ती आली. चौकाकडचा रस्ता खणलाय, पाणंदीनं जावा, म्हणाली.

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. कट्टा राखायला खोटं बोललो की माणसांचं मन राखायला, हे मला नक्की माहीत नाही असंही लिहिलं. पुस्तक माघात निघालं. पुण्याहून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा, तोही निवृत्त जनरल, फोन आला. तो चिडला होता. असं सगळ्यांनीच कधी ना कधी केलंय, म्हणाला, ते चव्हाट्यावर मांडून तू काय मिळवलंस? ज्या दोन दिवसांमुळं शेकडो पोरं वाचली, त्यांनाच तू डाग लावलास. त्याचं म्हणणं खोटं नाही. ते दोन दिवस मी परत मागेन. त्याच मुख्यालयापुढं, तितक्याच हट्टानं. माझा झगडा त्या दोन दिवसांशी नाही. एका शब्दाशी आहे. फोन ठेवल्यावर त्याला हे सांगायला हवं होतं असं वाटलं, पण पुन्हा लावला नाही.

यल्लाप्पाला आणि लक्ष्मीबाईंना मी पुस्तकाची प्रत पाठवली होती. लक्ष्मीबाईंकडून पोहोचल्याचं काही कळलं नाही, कळावं अशी अपेक्षाही नव्हती. यल्लाप्पाचं पत्र परवा आलं. रोहिणी लागून तीन दिवस झाले होते. वहीचा फाडलेला कागद, गोल गोल अक्षर, डाव्या कोपऱ्यात पलटणीत लिहायचे तशी तारीख. पत्रात कुशल नव्हतं, राग नव्हता, माफीही नव्हती. पेरणी झाली की नाही तेही नव्हतं. सैनिकानं अहवाल द्यावा तसा मजकूर होता. त्यानं लिहिलं होतं की पुस्तक वाचलं, सगळं बरोबर आहे, फक्त एक चूक आहे. ‘तुम्ही थोडा वेळ धुकं आलं होतं असं लिहिलंय. ते सकाळी दहाला आलतं आणि बारा वाजेपातूर हुतं. दोन तास हुते. पुढच्या छपाईला दुरुस्त करावं.’

मी ते पान काढलं. ‘थोडा वेळ’ हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यल्लाप्पानं धुक्याची वेळ मला सांगितली नव्हती आणि मी त्याला विचारली नव्हती. लिहिताना ते शब्द आपोआप आले होते आणि सुनंदाच्याही नजरेतून सुटले होते. दोन तासांत मांडीला गोळी लागलेला माणूस चौघांनी उचलून दरीत आणता येतो. मी तो उतार पायांनी तुडवलेला आहे, मला माहीत आहे.

मी पेन घेतलं, ‘थोडा वेळ’वर रेघ मारली आणि वर लिहिलं, दोन तास.